दसऱ्याचं धुणं आणि आमचं खुराडं

"मामा, खुराडं किती दिवसाला साफ करताव?"

गल्लीतल्या तिघांनी माझं बघून कोंबड्या आणल्या आणि तिघांनीही पहिल्याच आठवड्यात हेच विचारलं. त्यांना आकडा पाहिजे असतो. आठ दिवसाला म्हणलं की बरं वाटतं, मोबाइलला गजर लावता येतो. मी म्हणतो, आधी आत जाऊन खाली बस, कोंबडीच्या डोक्याएवढा खाली. आता श्वास घे. डोळे चुरचुरले, नाकात झोंबलं, तर कालच साफ करायला पाहिजे होतं. उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. तो अमोनियाचा वास ओल्या शिटेतून उठतो आणि कोंबड्या रात्रभर त्याच्याच वर बसून असतात.

आमचं घर सोलापुरात, अक्कलकोट रोडला. मागं थोडी मोकळी जागा, एक शेवगा, एक कढीपत्ता आणि चार बाय आठ फुटांचं खुराडं. आत नऊ कोंबड्या, एक कोंबडा. मी चादरीच्या कारखान्यात जॉबर होतो, म्हणजे माग दुरुस्त करणारा. आयुष्यभर सुताचा फुफाटा खाल्ला, आता कोंबड्यांचा खातोय. पहिल्या वर्षी मला वाटायचं की खुराडं म्हणजे मोरीच. पाणी मारायचं, खराट्यानं घासायचं, झालं.

आता दसऱ्याचं सांगतो. आमच्याकडं घटस्थापनेच्या आधी दसरा काढतात. गोधड्या, चादरी, डबे, पितळी भांडी, घरातलं एकूण एक बाहेर येतं आणि धुऊन, वाळवून आत जातं. त्या वर्षी सगळं झाल्यावर बायको मागच्या दारात उभी राहिली. "एवढं सगळं धुऊन निघालंय अन् खुराडं तेवढं घाण ठेवताव का ओ?" नळ आमच्याकडं चार-पाच दिवसांआड येतो, तो नेमका त्याच रात्री आलेला. बॅरल भरलेले, अंगात हुरूप. पाइप लावला, धुण्याची पावडर टाकली, भिंती-फरशी घासून काढली. कोपऱ्यात शिटेचा ओला थर चिकटून बसला होता, त्याच्यावर ब्लिचिंगचं पाणी ओतलं. असा ठसका लागला म्हणता, बाहेर येऊन कढीपत्त्याला धरून उभा राहिलो. डोळ्यांतून पाण्याची धार. शिटेतला अमोनिया आणि ब्लिचिंग एकत्र आलं की विषारी वायू तयार होतो, हे मला नंतर कळलं.

वाटलं, निदान जंतू तरी मेले. पण उत्तरा नक्षत्राचा पाऊस लागला. आमच्या सोलापूरला जूनमध्ये ढग नुसते हूल देऊन जातात, खरा पाऊस सप्टेंबरचा. चार दिवस ऊन नाही. फरशी ओली, त्यावर टाकलेला भुसा ओला, आणि त्यात महिन्याभराची सतरा पिल्लं. आठव्या दिवशी सकाळी दोन पिल्लं पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात उभी. खाली बघतो तर शिटेत रक्त. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लांबूनच ओळखलं, रक्ती हगवण. पाण्यातून द्यायचं औषध दिलं. सहा वाचली, अकरा गेली.

डॉक्टरांनी सांगितलेलं तेव्हापासून डोक्यात बसलंय. या रोगाची अंडी शिटेतून बाहेर पडतात, पण पडल्या पडल्या ती बाधत नाहीत. त्यांना पिकायला ऊब, हवा आणि ओल लागते, दीड-दोन दिवस. ओल मिळाली नाही तर तिथंच अडतात. आणि ब्लिचिंगला ती दाद देत नाहीत. म्हणजे मी काय केलं होतं, तर जंतू मारायच्या नादात त्यांची पेरणी करून वर पाणी दिलं होतं.

आता खुराड्यात पाइप जात नाही. रोजचं काम पाच-सात मिनिटांचं. कोंबड्या ज्या दांडीवर झोपतात तिच्याखाली मी एक सपाट पत्रा सरकवून ठेवलाय. दिवसभर त्या बाहेर उकरत हिंडतात, त्यामुळं खुराड्यातली शीट जवळजवळ सगळी रात्रीची, आणि ती एका ओळीत दांडीखाली पडते. सकाळी पत्रा ओढायचा, उलथन्यानं खरवडायचा, वर मूठभर राख भुरभुरायची, परत आत. उलथनं स्वयंपाकघरातलंच होतं. ते कसं मागं आलं, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. पाण्याचं भांडं पण रोज घासायचं, नुसतं विसळायचं नाही. आत बोट फिरवून बघा, बुळबुळीत लागतं ते धुऊन गेलं पाहिजे. आणि भांडं विटेवर ठेवायचं, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला, म्हणजे सांडत नाही. खुराड्यातली बरीच ओल त्या भांड्याचीच असते.

खाली तीन-चार बोटं भुसा. तो आठवड्यातून दोनदा खुरप्यानं खालवर करतो. मूठ दाबून बघायची. उघडल्यावर भुसा विस्कटला तर ठीक, लाडू झाला तर तेवढा भाग घमेल्यात आणि तिथं नवा. लाडू होऊ लागला की थोडी चुन्याची फक्की मिसळतो. सगळा भुसा दर आठवड्याला बदलायची गरजच पडत नाही. उन्हाळ्यात तर इथं पारा त्रेचाळीसच्या पुढं जातो, शीट दुपारपर्यंत कुरकुरीत होते. तेव्हा त्रास धुळीचा. झाडायच्या आधी हातानं पाणी शिंपडायचं, नाका-तोंडाला टॉवेल बांधायचा. मागं घालायच्या चपला वेगळ्या, त्या घरात येत नाहीत.

भुशावरून आठवलं. भुसा विकत कशाला आणायचा म्हणून मी आधी कारखान्यातलं सुताचं वेस्ट अंथरलं होतं. मऊ, उबदार, फुकट. तिसऱ्या दिवशी एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, लंगडायला लागली. उचलून बघतो तर बोटाला धागा, इतका बारीक की चष्मा लावून पण दिसेना. फक्त बोट सुजून जांभळं झालेलं आणि मध्ये एक खाच. चाळीस नंबरचं सूत असेल. माझं आख्खं आयुष्य तुटलेले धागे शोधण्यात गेलं, आणि हा धागा मीच तिच्या पायात घातलेला. सुईच्या टोकानं उचलून ब्लेडनं कापला. बोट वाचलं, पण नख गेलं. त्यानंतर शेंगांची टरफलं आणली. ती चांगली असतात, पण पोतं तळाशी दमट निघालं, काळी बुरशी. तसली घातली की कोंबड्यांच्या छातीत बुरशी धरते. आता वखारीतून रंध्याचा भुसा आणतो, करवतीचा बारीक नाही. बारीक असला की पिल्लं दाणे समजून खातात.

हे सगळं नीट चाललेलं असताना गेल्या एप्रिलमध्ये कोंबड्या संध्याकाळी आत जाईनात. दारापाशी घुटमळायच्या आणि शेवग्यावर उड्या मारायच्या. बायको म्हणाली, उकडतंय त्यांना. मलाही पटलं. पण तुरे फिके पडले, अंडी कमी झाली. मग रात्री दहाला बॅटरी घेऊन गेलो. दांडी जुन्या हातमागाच्या लाकडाची होती, कौतुकानं लावलेली. तिच्या टोकाला, जिथं ती भिंतीत बसते, त्या भेगेतून चपटे, करडे, मसुरीएवढे किडे रांगेनं बाहेर येत होते. कोंबडीची गोचीड. दिवसा भेगेत पडून राहते, रात्री येऊन रक्त पिते आणि परत आत. म्हणून कोंबडी दिवसा कितीही तपासा, मोठी गोचीड सहसा सापडत नाही. रक्त न पिता ही वर्ष वर्ष जगते, त्यामुळं खुराडं दोन महिने रिकामं ठेवून उपयोग नाही. दांडी जाळली. भेगांत उकळतं पाणी ओतलं (पाणी वापरलं ते एवढंच, आणि ते सुद्धा एप्रिलच्या उन्हात), सिमेंट भरलं, डॉक्टरांना विचारून फवारणी केली, पंधरा दिवसांनी परत केली. नवी दांडी भिंतीत रोवली नाही, दोन खाचांत नुसती टेकवलीय. दर महिन्याला उचलून टोकं बघतो. खुडूक कोंबडीच्या डालग्याखाली पण तेव्हाच बघायचं.

आख्खं खुराडं रिकामं करायचं ते वर्षातून दोनदा, मृगाच्या आधी आणि सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा उरकली की. सगळा भुसा खड्ड्यात, वाळलेल्या पाल्याबरोबर. चार महिने तरी कुजल्याशिवाय झाडाला घालत नाही. ताजं घातलं की मुळं जळतात, कढीपत्ता एकदा त्यातून जेमतेम वाचलाय. मग भिंती खरवडायच्या, दोन दिवस ऊन खाऊ द्यायचं आणि चुना मारायचा, पातळ, भेगांत उतरेल असा. बायकोशी तह झालाय. दसऱ्याला डालगी आणि भांडी तिच्या धुण्यात जातात, खुराडं माझ्या जानेवारीत.

या जानेवारीत चुना जरा जास्तच पांढरा झाला. संध्याकाळी सगळ्या कोंबड्या दारापाशी येऊन थांबल्या. एकही आत जाईना. माझ्या पोटात गोळा आला. बॅटरी घेऊन वाकलो, दांडी उचलली, दोन्ही टोकं बघितली, खाचांत नख घालून बघितलं. काही नाही. मागून बायको म्हणाली, "अंधार पडू द्या की. घर ओळखीना झालंय त्यांना." बॅटरी बंद केली. पाचेक मिनिटांनी कोंबडा मान पुढं काढून आत गेला, आणि मग एकेक करून त्याच्या मागं बाकीच्या.