पहाटे सव्वाचारची मॅच आणि काकांचं पान

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये गच्चीची फरशी रात्री अकरापर्यंत निवत नाही. दोन बादल्या पाणी मारलं की तेवढ्यापुरती वाफ येते आणि परत तेच, त्यामुळं डोळा लागतो तो एक-दीडला आणि माझा गजर वाजतो चारला, कारण मॅच असते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टर म्हणून गाव आहे, तिथं संध्याकाळी पावणेसातला बेसबॉल सुरू होतो तेव्हा आपल्याकडं पहाटेचे सव्वाचार झालेले असतात. मोबाईल उशीखाली, एका कानात इअरफोन, आणि रेडिओची कॉमेंट्री. आठवड्यातले सहा दिवस असंच. सोमवारी त्यांना सुट्टी, म्हणून माझी मंगळवारची पहाट मोकळी जाते आणि त्या दिवशी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत राहतं.

ओळखीच्यांना वाटतं मी ती मोठी, टीव्हीवरची लीग फॉलो करतो. तसं नाही. माझा जीव आहे मायनर लीगवर. आता हे काय प्रकरण आहे तर तिकडं मोठ्या लीगमध्ये ३० टीम आहेत आणि प्रत्येकीच्या हाताखाली चार-चार टीम, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि सगळ्यात वर ट्रिपल-ए, अशा मिळून १२०. पूर्वी १६० होत्या, २०२१ ला ४० गावांच्या टीम एकदम गेल्या, ते मला अजून पटलेलं नाही. पोरं खालच्या पायरीला लागतात, बसनं गावोगाव फिरतात, आणि त्यातली फार थोडी वरपर्यंत पोचतात. वूस्टरची टीम म्हणजे बोस्टन रेड सॉक्सची ट्रिपल-ए, शेवटची पायरी. वूस्टर ते बोस्टन अंतर किती, तर आपलं सोलापूर ते पंढरपूर, साधारण तेवढंच. आणि तेवढ्या वाटेसाठी कुणाची पाच वर्षं जातात, कुणाची दहा, आणि बऱ्याच जणांना शेवटपर्यंत विठोबा दिसत नाही.

हे वेड लागलं २०२३ च्या जूनमध्ये, ताईकडं गेलो होतो तेव्हा. भाऊजींनी मॅचला नेलं. मला बेसबॉलचं काही म्हणजे काही कळत नव्हतं, शाळेत सॉफ्टबॉल खेळलो होतो तेवढीच शिदोरी. आमची जागा कडेला होती, जाळीच्या अगदी जवळ, आणि तिथं एक पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, वॉर्मअप करत होता. दहा-बारा फुटांवर. बॉल दिसायचाच नाही, आधी हातातून सुटताना एक बारीक फुत्कार आणि मग समोरच्याच्या ग्लोव्हमध्ये असा आवाज, की लग्नात कुणीतरी कानाशी सुतळी बॉम्ब लावलाय. मी भाऊजींना विचारलं हा मोठा प्लेयर का, तर ते म्हणाले, हा अजून वर गेलेला नाही. एवढा जोर असून वर नाही!

शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसलेले, मांडीवर वही, हातात पेन्सिल, एकेक बॉल टिपून घेत होते. त्यांना विचारलं तर म्हणाले मी मूळचा पॉटकेटचा, ही टीम आमच्या गावची होती, २०२१ ला इकडं आणली. आणि मग त्यांनी मला ती मॅच सांगितली.

पॉटकेट हे ऱ्होड आयलंडमधलं गिरण्यांचं गाव, अमेरिकेतली पाण्यावर चालणारी पहिली यशस्वी सूतगिरणी तिथलीच, १७९३ सालची स्लेटर मिल. हे ऐकून मी सरसावून बसलो, कारण आपण पण गिरणगावचेच, आपली जुनी मिल १८७७ ची. तर १८ एप्रिल १९८१ च्या रात्री तिथल्या मकॉय स्टेडियमवर पॉटकेट विरुद्ध रॉचेस्टर मॅच सुरू झाली. बेसबॉलमध्ये नऊ डाव झाले की मॅच संपते, बरोबरी असेल तर पुढं चालू ठेवायची. नवव्याला १-१. मग चालूच. थंडी एवढी की खेळाडूंनी मोडक्या बॅट पेटवून हात शेकले. एका ठरावीक वेळेनंतर नवा डाव सुरू करायचा नाही असा नियम असायचा, पण त्या वर्षी अंपायरकडं असलेल्या पुस्तकात तो छापायचाच राहिलेला, त्यामुळं थांबवायचं कुणी? २१ व्या डावात रॉचेस्टरनं एक रन काढला, सगळ्यांना वाटलं सुटलो, तर पॉटकेटच्या वेड बॉग्जनं डबल, म्हणजे दोन टप्पे (बेस) गाठता येतील असा फटका, मारून परत बरोबरी. लुईस अपाँटे नावाचा पिचर आपलं काम संपवून घरी गेला तर बायको दार उघडेना, एवढ्या रात्रीपर्यंत मॅच चालते यावर तिचा विश्वासच बसेना. शेवटी लीगच्या अध्यक्षांना फोन लागला आणि ३२ डाव झाल्यावर पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी खेळ थांबवला. तो दिवस ईस्टरचा. स्टँडमध्ये उरले होते फक्त १९ प्रेक्षक.

पुढं २३ जूनला ती मॅच परत सुरू केली आणि ३३ व्या डावात १८ मिनिटांत संपली सुद्धा. जिंकवणारा हिट मारला डेव्ह कोझानं. त्या मैदानावर बॉग्ज होता आणि रॉचेस्टरकडून कॅल रिपकेन होता, दोघंही पुढं हॉल ऑफ फेममध्ये गेले. कोझा मोठ्या लीगमध्ये एकही मॅच खेळला नाही. नंतर ट्रक चालवला त्यानं. पण व्यावसायिक बेसबॉलमधल्या सगळ्यात लांबलेल्या मॅचचा शेवट म्हटला की नाव त्याचंच घ्यावं लागतं, बॉग्जचं नाही आणि रिपकेनचं पण नाही. रॉचेस्टरचा डॅलस विल्यम्स त्या मॅचमध्ये १३ वेळा रीतसर बॅटिंग करून एकही हिट मारू शकला नाही, तेही लिहून ठेवलंय. हे लिहून ठेवलंय ना, हेच मला लागलं.

कारण आमच्या घरात काका आहेत.

काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, आता ७४ चे. गिरणीत होते, आणि गिरणीच्या टीमकडून डावखुरा फास्ट बॉलर. पार्क मैदानावर मॅटिंगवर मॅचेस व्हायच्या. लहानपणापासून ऐकत आलोय की त्यांचा बॉल दिसायचा नाही, एकदा म्हणे स्टंप मोडून अर्धा तुकडा कीपरच्या मागं जाऊन पडला, पुण्याला शिबिराला बोलावलं होतं, तिथं दोन दिवस बॉल कुठं पडतोय हे त्यांचं त्यांनाच कळेना आणि तिसऱ्या दिवशी परत आले. पण हे सगळं ऐकीव. कागदावर काही नाही. ज्या खोलीत टीमचं सामान आणि स्कोअरबुकं होती ती खोली कुणीतरी कधीतरी रिकामी केली, सामान वाटून घेतलं आणि वह्या रद्दीत घातल्या. किलोवर. कुणी ते विचारण्यात आता अर्थ नाही, पण राग येतो.

काका पण पहाटे साडेचारला उठतात, कंबर तलावापर्यंत फिरायला जायचं असतं. मागच्या वर्षी गच्चीवर आले आणि म्हणाले, "काय ऐकतोस बे रोज कानात घालून?" मी त्यांना बसवलं आणि डॅल्कोव्स्कीची गोष्ट सांगितली.

स्टीव्ह डॅल्कोव्स्की, डावखुरा. बाल्टिमोरच्या खालच्या टीममध्ये १९५७ पासून. ज्यांनी त्याला बघितलं त्यातले कित्येक जण शपथेवर सांगायचे की एवढा फास्ट कुणी टाकलाच नाही. पण बॉल कुठं जाईल याचा नेम नाही. बेसबॉलमध्ये चार बॉल बाहेर टाकले की बॅटर फुकट पहिल्या बेसवर जातो, त्याला वॉक म्हणतात. १९६० ला स्टॉकटनच्या टीममध्ये याचे १७० डावांत स्ट्राइकआउट (बॅटर बाद) २६२ आणि वॉक पण २६२! म्हणजे जेवढ्यांना उडवलं तेवढ्यांना फुकट सोडलं. मग १९६२ ला एल्मायरामध्ये अर्ल वीव्हर नावाचा मॅनेजर भेटला, त्यानं त्याचं टाकणं सोपं करून दिलं, वॉक कमी झाले, आणि १९६३ च्या मार्चमध्ये अखेर वरच्या टीमचा ड्रेस मिळायची वेळ आली आणि नेमका तेव्हाच कोपर गेला. वर खेळलाच नाही. पुढं दारू, शेतावर मजुरी. १९ एप्रिल २०२० ला कोविडमध्ये वारला.

काका बराच वेळ गप्प होते. मग डावा हात पुढं करून त्यांनी बोटं अशी धरली, पहिली दोन शिवणीवर आणि अंगठा खाली, रिकाम्या हातात. म्हणाले, "कोपर नाही, माझा खांदा होता." चाळीस वर्षांत खांद्याचं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आम्ही सगळे समजत होतो वाईड टाकून परत आले.

त्या दिवसापासून ते माझ्याबरोबर बसतात. नियम निम्मे कळतात, निम्मे नाही, पण गोष्टी मागतात. जो बॉमनची त्यांना फार आवडते. न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेल गावची टीम, लीग खालच्या दर्जाची, आणि त्यात १९५४ ला या माणसानं ७२ होमरन, म्हणजे आपल्या सिक्सरसारखे फटके, मारले, मोठ्या लीगमधल्या कुणाला एका सीझनमध्ये तेवढे २००१ पर्यंत जमले नव्हते, तेव्हा बॅरी बाँड्सनं ७३ मारले. बॉमन मोठ्या लीगमध्ये कधीच गेला नाही, गावात पेट्रोल पंप चालवायचा. होमरन मारला की लोक जाळीतून डॉलरच्या नोटा आत सरकवायचे आणि तो जाळीच्या कडेकडेनं जाऊन त्या गोळा करायचा. काका म्हणाले अरे हे तर आपल्या यात्रेतल्या कुस्त्यांसारखं, पैलवान कुस्ती मारून कडेनं फिरतो आणि लोक हातात नोटा देतात. अगदी तसंच.

आपली दोन पोरं पण या यादीत आहेत, हे फार जणांना माहीत नसतं. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघंही उत्तर प्रदेशचे, भालाफेक करणारे (केकेआरचा रिंकू वेगळा). २००८ ला टीव्हीवरच्या एका स्पर्धेत हजारोंमधून निवडले गेले, आयुष्यात बेसबॉल हातात धरलेला नव्हता, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनं दोघांना करारावर घेतलं. २००९ ला फ्लोरिडात ब्रॅडेंटनला सगळ्यात खालच्या पायरीवर खेळले. दिनेश २०१० च्या शेवटी परत आला. रिंकू, तो पण डावखुरा बरं का, २०१२ पर्यंत वेस्ट व्हर्जिनियाच्या टीममध्ये चांगला टाकत होता, मग दुखापत, ऑपरेशन, आणि पुढं तो डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीत गेला. भालाफेकीचं ऐकून काका म्हणाले आपल्याकडं गावागावात असे खांदे आहेत, कोण बघतंय. खरंय ते. माळशिरस तालुक्यातली किरण नवगिरे पण आधी अ‍ॅथलेटिक्सच करायची, मग क्रिकेटकडं वळली आणि भारताकडून खेळली.

मोठ्यांची काळजी मला नाही. पॉली उम्रीगर सोलापुरात जन्मले, टेस्टमध्ये भारताकडून पहिलं द्विशतक त्यांचं, ते कुणी पुसू शकत नाही. मला काळजी आहे ती पार्क मैदानावर शनिवार-रविवार खेळून सोमवारी पाळीवर जाणाऱ्यांची. डॅल्कोव्स्कीचा एकेक वॉक नेटवर सापडतो, एका क्लिकवर, १९५७ चा सुद्धा, आणि माझ्या सख्ख्या काकांची एक विकेट सापडत नाही.

म्हणून मागच्या दिवाळीपासून शोधायला लागलो. काकांच्या बरोबरीचे जे आहेत त्यांच्या घरी जायचं, चहा घ्यायचा, कडक भाकरी-शेंगाचटणी समोर आली तर ती खायची, आणि माळ्यावर काही आहे का विचारायचं. बहुतेक ठिकाणी फोटो निघतात, कप निघतात, एका घरी मॅटिंगचे खिळे निघाले. वही नाही. आणि या फेब्रुवारीत, पूर्व भागात, जे तेव्हा टीमचं स्कोअरिंग करायचे त्यांच्या मुलानं एक पत्र्याची ट्रंक उघडली. वरती सगळी चादरींची बिलं. त्याच्या खाली लांबट, कापडी बांधणीचं एक स्कोअरबुक. निम्मी पानं वाळवीनं खाल्लेली, पण १९७६ च्या जानेवारीतलं एक पान धड होतं. निळ्या शाईनं बारीक टिंबं, विकेट लाल शाईनं, आणि बॉलिंगच्या रकान्यात दुसऱ्या ओळीला काकांचं आडनाव. १७ ओव्हर, ४ मेडन, ५२ रन, ६ विकेट.

मुलानं ते पान मला नेऊ दिलं नाही आणि बरोबरच केलं, वडिलांचं अक्षर आहे ते. मग मी काकांनाच रिक्षात घालून तिकडं नेलं. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून एकेक टिंब बघितलं, तिसऱ्या विकेटपाशी थांबून म्हणाले हा स्लिपमध्ये, पायाजवळनं उचललेला. मग बोट खाली सरकत सरकत अवांतरच्या रकान्यावर गेलं. वाईड १९.

"यातले सतरा तरी माझे," काका म्हणाले. "ते पण लिही."

मी लिहून घेतले. ट्रंक अजून निम्मीच बघून झालीय, मंगळवारी परत जायचंय.