मंडईतले पन्नास रुपये

रोज पहाटे पर्वती चढताना माझ्यासोबत आमच्या सोसायटीतील एक काका असतात. ते निवृत्त शिक्षक आहेत, एकादशी कधी मोडत नाहीत, आणि देवाचा धाक उरला नाही म्हणून माणसे बिघडली, हे त्यांचे ठाम मत आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी ते पुन्हा बोलून दाखवले, तेव्हा मी त्यांना आदल्याच दिवसाची आठवण करून दिली. मंडईत एका भाजीवाल्या मावशींनी त्यांना पन्नास रुपये जास्त परत दिले होते आणि शनिपारापाशी ते ध्यानात येताच काका उलटपावली मागे गेले होते. त्या वेळी देवाची आज्ञा आठवली होती का, असे विचारल्यावर ते म्हणाले, "नाही रे, संध्याकाळी बाईंचा हिशेब लागला नसता." चार पायऱ्या चढून झाल्यावर मात्र थांबून म्हणाले, "पण ही बुद्धी दिली कोणी?"

हा प्रतिप्रश्न सहज झटकण्यासारखा नाही. पण त्यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. मला पाढे आजीने शिकवले, म्हणून बारा साते चौऱ्याऐंशी हे आजीने ठरवले असे होत नाही. चांगले-वाईट ओळखण्याची बुद्धी देवाने दिली असे मानले, तरी चांगले हे देवाने म्हटल्यामुळे चांगले ठरते का, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

प्लेटोच्या 'युथिफ्रो' या संवादात सॉक्रेटिसने युथिफ्रो नावाच्या माणसाला नेमके हेच विचारले आहे : जे पवित्र आहे ते पवित्र असल्यामुळे देवांना प्रिय असते, की देवांना प्रिय असल्यामुळे ते पवित्र ठरते? हा पेच पुष्कळांना माहीत असतो, पण त्यामागची हकिगत सहसा कोणी सांगत नाही आणि मला तीच अधिक बोलकी वाटते. नाक्सोस बेटावरील शेतावर एका मजुराने दारूच्या नशेत घरच्या गुलामाला ठार केले. युथिफ्रोच्या वडिलांनी त्या मजुराचे हातपाय बांधून त्याला खड्ड्यात टाकले आणि पुढे काय करावे हे धर्मशास्त्र्याला विचारण्यासाठी अथेन्सला माणूस पाठवला. तो निरोप घेऊन परतण्याआधीच मजूर भुकेने आणि थंडीने मेला. वडील अधार्मिक नव्हते, ते तर आज्ञेची वाट पाहत होते. आणि खड्ड्यातल्या माणसाला भाकरी-पाणी द्यावे, हे मात्र कोणालाही विचारण्याची गरज नव्हती.

आपल्याकडच्या मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाच्या विचारवंतांनी, हा पेच फारच वेगळ्या रीतीने हाताळला. या दर्शनाचे सूत्रकार जैमिनी यांच्या सूत्रानुसार धर्म वेदातील विधिवाक्यांवरूनच, म्हणजे आज्ञेवरूनच कळतो. पण वेद अपौरुषेय, म्हणजे कोणीही न रचलेले, असल्याने त्या आज्ञेला आज्ञा देणारा कोणीच नाही, देवसुद्धा नाही. त्याच परंपरेतील कुमारिल भट्टांनी तर जगाचा कर्ता ईश्वर ही कल्पनाच खोडून काढली. देवाविना धर्म, हा विचार परदेशातून आयात झाला असे मानणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे. अर्थात देव वगळला तरी आज्ञा उरतेच, आणि आज्ञा अन्यायाची असेल तर काय, या प्रश्नातून मीमांसकांचीही सुटका होत नाही.

पुण्याने तो प्रश्न 1891 मध्ये संमतिवयाच्या, म्हणजे शरीरसंबंधाला मुलीची संमती ग्राह्य धरण्याच्या किमान वयाच्या, विधेयकाच्या निमित्ताने अनुभवला आहे. मुलीचे संमतिवय 10 वरून 12 वर नेण्यास विरोध करणारे म्हणत होते की गर्भाधानाची, म्हणजे मुलीला पाळी येताच पतीशी समागम घडवण्याच्या संस्काराची, शास्त्राज्ञा यामुळे मोडेल. रा. गो. भांडारकर प्रार्थनासमाजी, म्हणजे आस्तिक. त्यांनी शास्त्रवचनेच तपासून या आक्षेपाला उत्तर दिले. आगरकर देवाचा आधार न घेता, मुलीच्या देहाला आणि आयुष्याला काय भोगावे लागते ते पाहा, अशा वळणाने बोलत होते. मला वाटते, वचने उलट निघाली असती तरी भांडारकर विरोधकांना जाऊन मिळाले नसते. कोणते वचन शोधायचे हे त्यांच्या मनाला आधीच उमगलेले होते.

देव मुळातच दयाळू असल्याने तो क्रूर आज्ञा देणारच नाही, असे एक उत्तर यावर दिले जाते. ते मला मान्य आहे, पण मग देवाला दयाळू म्हणताना आपण दयेचे माप आधीच हातात धरलेले असते.

हे सारे मी काकांना सांगितले तेव्हा त्यांनी माझ्या युक्तिवादातली कच्ची जागा बरोबर पकडली. "चांगले काय ते कळले, मान्य," ते म्हणाले, "पण मी मागे फिरलो नसतो तर मला जाब कोणी विचारला असता?" मावशींनी, असे मी म्हणालो. "त्यांना कळलेच नसते." खड्ड्यातल्या मजुरालाही जाब विचारता आला नाही, पण म्हणून त्याचे देणे फिटले का, असे मी विचारले. त्यावर काका काही बोलले नाहीत. आणि ते देणे वसूल करणारा कोणीच नसेल तर ते बांधते कशाने, हे मलाही त्यांना सांगता आले नाही.