चराच्या कडेचं बाळ

केंब्रिजशायरमधल्या त्या शेतात घरं उठणार होती, म्हणून आधी आम्ही पुरातत्त्ववाले. 1990 पासून इंग्लंडमध्ये बांधकामाआधीच्या उत्खननाचा खर्च बिल्डरच्या माथी असतो, त्यावरच माझं पोट चालतं. इथला रोमन काळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मोझाइकच्या फरश्या येतात. खेड्यात आमच्या वाट्याला येतात ते चर. हद्दीचे, पाण्याचे, बुजले म्हणून पुन्हा उकरलेले. आणि त्यांत टाकलेला कचरा: गुरांची हाडं, नेन नदीच्या खोऱ्यातल्या भट्ट्यांची खापरं, एखादा जात्याचा तुकडा. तो काळा दगड जर्मनीतल्या मायेनचा, पण हातात घेतला की सह्याद्रीतलाच वाटतो.

त्या दिवशी चिकणमाती बुटांना भाकरीएवढी चिकटत होती. चराच्या कडेला काळपट मातीचा डाग दिसला, सुपाहूनही लहान. ट्रॉवेलने खरवडलं तर फणीच्या दातांसारखी बारीक हाडं. कोंबडी असेल, म्हणून मी पुढे सरकणारच होते. तेवढ्यात कवटीची शकलं दिसली, अंड्याच्या टरफलासारखी. मांडीचं हाड माझ्या मधल्या बोटाएवढं. तान्हं बाळ होतं, कुशीवर, पाय पोटाशी घेतलेलं.

काम थांबलं. मानवी अवशेष हलवायला इथे न्याय मंत्रालयाचा परवाना लागतो, 1857 च्या दफन कायद्याप्रमाणे. (आपल्याला 1857 म्हटलं की दुसरंच काही आठवतं.) खड्ड्यावर ताडपत्री टाकली आणि गाडीत बसून आईला फोन लावला.

"घराशेजारीच पुरलंय गं. स्मशानात नाही."

"दात आले होते का त्याला?"

"नाही."

"मग पुरणारच की. बिनदातांचं लेकरू कोण जाळतं?"

दात येण्याआधी माणसाला जाळण्याची रीत कुठल्याच लोकांत नाही, असं पहिल्या शतकात प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय. आईने प्लिनी वाचलेला नाही. मला मात्र डेक्कन कॉलेजात शिकलेलं पुणे जिल्ह्यातलं इनामगावचं उत्खनन आठवलं. तीन हजार वर्षांपूर्वीची बाळं, दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवलेली, घराच्या जमिनीखाली. पूर्वी रोमन ब्रिटनमधल्या अशा सांगाड्यांवरून 'नकोशी म्हणून मारलेली पोरं' असा निष्कर्ष सर्रास काढला जाई. मला तो घाईचा वाटतो. नकोशा लेकराचे पाय इतके नीट कोण दुमडून ठेवतं?

परवाना आल्यावर हाडं उचलली. खालची सगळी माती पाण्याखाली चाळली, तेव्हा जबड्यातच राहिलेले, न फुटलेले दात जाळीवर आले. तांदळाच्या कणीएवढे. मोजून पिशवीत भरले, चिठ्ठी लावली.

रात्री आईचाच फोन आला. "मुलगा होता की मुलगी?"

"एवढ्याशा हाडांवरून कळत नाही, आई."