ट्रॉन्डहाइमचा लाल कमानींचा पूल

भाची नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमला शिकते म्हणून जूनमध्ये चार दिवस जाऊन आलो, त्यातला निम्मा वेळ एकाच पुलावर गेला. गामले ब्यूब्रू, म्हणजे गावातला जुना पूल. लाकडी, वर कोरीव लाल कमानी, लोक त्याला सुखाचं दार म्हणतात. मी पोचल्या पोचल्या फॅमिली ग्रुपवर फोटो टाकून मोकळा, "हा बघा १६८५ चा पूल!" भाची म्हणाली, मामा, डिलीट करा, तो पूल गेला कधीच, हा १८६१ चा.

झालं असं की एप्रिल १६८१ मध्ये आग लागली आणि लाकडी शहर बहुतेक जळून गेलं. मग सिसिन्यों नावाच्या लक्झेंबर्गच्या लष्करी माणसाला नवा नकाशा करायला दिला, त्याने आग इकडून तिकडे उडू नये म्हणून रस्ते हे एवढाले रुंद ठेवले, पलीकडच्या टेकडीवर क्रिस्तियान्स्टेन किल्ला बांधायला घेतला आणि तिकडे जायला तो १६८५ चा पूल. नीडेल्वा नदी शहराला जवळजवळ अख्खा वळसा घालते ना, त्यामुळे पूल म्हणजे गावाची वेसच. सैनिकांचा पहारा होता तो १८१६ पर्यंत, शिवाय जकात! पश्चिमेच्या टोकाला जकातवाल्यांचं घर अजून उभं आहे, सगळे कमानीचे फोटो काढत त्याच्यासमोरून निघून जातात. किल्ल्याने १७१८ मध्ये स्वीडिश फौजेपासून शहर वाचवलं, त्यामुळे खर्च वसूल म्हणायला हरकत नाही. आत्ताचा पूल कार्ल आडोल्फ डाल या शहराच्या इंजिनिअरने बांधला.

आता जाणाऱ्यांसाठी. स्टेशनपासून चालत वीसेक मिनिटं, टॅक्सी नको, भयंकर महाग. नदीकाठची रंगीत लाकडी गोदामं पुलावरून बघायची तर सकाळी जा, पश्चिम काठावर ऊन तेव्हाच असतं, मी दोनदा संध्याकाळी गेलो आणि फोटो काळे आले. ओहोटीला जमलं तर उत्तम, गोदामं ज्या लाकडी खांबांवर उभी आहेत ते बुडापर्यंत दिसतात, हिरवे, शेवाळलेले. निदारोस कॅथेड्रल पाच-सात मिनिटांवर आहे, ते त्याच फेरीत उरका. पुलापलीकडे बाक्लांडे नावाच्या वस्तीत दगडी फरशी आहे, चाकाची बॅग नेऊ नका, माझ्या बॅगेचं एक चाक तिथेच राहिलं. हीच वस्ती पाडून मोठा रस्ता करणार होते, लोक भांडले म्हणून ती जुनी घरं टिकली. तिथेच चढावर सायकलवाल्यांना ढकलणारी लिफ्ट आहे, १९९३ पासून. उजवा पाय खालच्या पट्टीवर, डावा पेडलवर आणि उजवा ताठ ठेवायचा, मी गुडघा वाकवला आणि चार पोरांसमोर आडवा झालो. थंडीत जाणार असाल तर बुटांना लावायचे खिळे घ्याच, आणि जूनमध्येही जॅकेट लागतं, रात्री अकराला उजेड असतो म्हणून फसू नका.