दोन गरम भजी

सकाळी साडेसहाला आत्याचा मेसेज: ‘दोन गरम भज्यांत दडलेलं शहर (३).’ कंसातला आकडा म्हणजे उत्तरातली अक्षरं. भजी म्हटल्यावर मी मनाने सिंहगड चढून आले. मग कर्जत सुचलं, पण तिथे वडे, म्हणून सोडलं. दुपारी डबा उघडताना सहज ते वाक्य पुटपुटले आणि जिभेलाच सापडलं: दो-नगर-म. नगर! सकाळपासून ते समोर बसलं होतं आणि मी भज्यांभोवती घुटमळत होते.

साध्या शब्दकोड्यात ‘कर्णाची आई’ विचारतात. माहीत असेल तर येतं, नसेल तर पुढचं बघायचं. गूढ कोड्यात माहितीपेक्षा संशयी स्वभाव जास्त कामाला येतो. वाक्याच्या एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ, उरलेल्यात अक्षरांची करामत, आणि वरून सगळं कसं निरागस.

हा उद्योग आपल्याकडे जुनाच. ‘केशवं पतितं दृष्ट्वा द्रोणो हर्षमुपागतः’, म्हणजे केशव पडलेला पाहून द्रोणाला आनंद झाला, म्हटलं की आपण थेट कुरुक्षेत्रावर. पण ‘के’ म्हणजे पाण्यात, ‘शव’ म्हणजे प्रेत, द्रोण म्हणजे कावळा. पुढच्या ओळीत रडणारे कौरव म्हणजे कोल्हे. प्रेत पाण्यात, त्यांना मिळणार कसं?

मराठीत कोडं रचताना मात्र वेगळीच कसरत. इंग्रजीत अक्षरं मोकळी, वाटेल तशी विस्कटा. आपल्याकडे काना-मात्रा, जोडाक्षरं अक्षराचा हात सोडत नाहीत. त्यामुळे ‘गरज विस्कटली की पहाटे ओरडतो (३)’ असा सुटसुटीत ‘गजर’ सापडला की रचणाऱ्याला दिवाळी. उलट, लिंगांचा घोळ ही आपली खास मिरास. ‘पाहुण्यांना दिला जातो, झोपेत अवघडते (२)’ : मान. तो मान, ती मान. शिकताना लोक वैतागतात त्या गोष्टीचा इथे चक्क उपयोग होतो.

परवा मी हौसेने आत्याला पाठवलं: ‘उत्तीर्णाच्या पोटात ऊ, छत्री उघडा (३).’ ‘पास’मध्ये ‘ऊ’, पाऊस. तिचा लगेच फोन. “अगं, छत्री उघडा म्हणजे पाऊस कसा? फसव, पण खोटं नको बोलूस.” अफ्रिट या टोपणनावाने इंग्रजी कोडी रचणाऱ्या रिचींनी 1949 मध्ये हेच बजावलं होतं: मी बोलतो त्याचा अर्थ तोच असेल असं नाही, पण मला म्हणायचंय ते मी बोललेलं असलंच पाहिजे. आत्याने रिची वाचलेले नाहीत. तिने भिशी चालवली आहे, तिथेही नियम साधारण हाच.

मी सुधारून ‘छत्री उघडायला लावतो’ केलं. “आता बरंय,” म्हणाली, आणि फोन ठेवता ठेवता स्वतःचं एक सांगितलं. अकरा माणसांचं घर तिने चाळीस वर्षं ओढलं, त्यावरचं.

‘मोटारीचं ओझं म्हणजे घर चालवणं (४).’

मला दोन मिनिटं लागली. तुम्हाला सांगत नाही.