नदीवर चालत जायचं होतं, बसचा नंबर कुठून आणू?

बडोद्यात राहून आठवीच्या मुलांना जागतिक तापमानवाढीचे परिणाम शिकवायचे आणि विश्वामित्री नदी दाखवायची नाही, हे मला पटणं शक्यच नव्हतं. आमच्या शाळेपासून काळा घोडा चौक पायी जाण्याच्या टप्प्यात आहे. तिथल्या पुलावरून थंडीतल्या सकाळी काठावर ऊन खात पडलेल्या मगरी दिसतात. 2024 च्या ऑगस्टमध्ये हीच नदी आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरांत शिरली होती. इतकं सगळं दाराशी असताना पुस्तकातल्या ध्रुवीय अस्वलावर भागवायचं कशाला? पण तेवढ्या चालण्याच्या परवानगीसाठी दिवाळीची सुट्टी संपल्यावर दिलेला अर्ज संक्रांत आली तरी अडकलेलाच होता. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे. शिवाय आणखी कुणी शिक्षिका हेच करायला निघाली असेल तर तिचा वेळ तरी वाचेल.

शाळेत काही अडलं नाही. मुख्याध्यापिकाबाई लगेच हो म्हणाल्या, पालकांची संमतिपत्रंही भराभर आली. अडलं ते सहलीची परवानगी देणाऱ्या कार्यालयात.

तिथे शैक्षणिक सहलीचा एक ठरलेला नमुना आहे. त्यात बसचा नंबर, आरसी बुक, विमा, फिटनेस सर्टिफिकेट, चालकाचा परवाना असे रकाने. मी प्रत्येक रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘लागू नाही, विद्यार्थी पायी जाणार आहेत.’ खिडकीवरच्या भाईंनी कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “बेन, बसनो नंबर लखो ने.” मी म्हटलं, बस नाहीच आहे. ते म्हणाले, मग ही सहल नाही. मी म्हटलं, सहल नसेल तर परवानगीशिवाय जाऊ का? तर तसंही चालणार नव्हतं. अर्ज परत.

पुढच्या खेपेला मुख्याध्यापिकाबाईंचं पत्र जोडलं. तेव्हा तो दुसऱ्या टेबलाकडे गेला. त्या टेबलावरच्या बेन रजेवर. त्या आल्या तेव्हा साहेब मीटिंगला. साहेब आले तेव्हा फाइल परत पहिल्या टेबलावर, कारण रकाने अपुरे. शाळा सुटल्यावर धावतपळत जायचं, बाकड्यावर बसायचं आणि पाच वाजले की उठायचं. एकदा शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी सल्ला दिला, “मॅडम, कुठल्याही बसचा नंबर टाका, कोण बघतंय?” मी साफ नाही म्हटलं. ज्या कागदाखाली वर्गातल्या प्रत्येक मुलाचं नाव आहे, त्यावर खोटा आकडा लिहून मी सही करणार नाही. आणि या शहरात तर नाहीच नाही.

नियम कडक का झाले ते बडोदेकरांना सांगावं लागत नाही. 18 जानेवारी 2024 ला हरणीच्या तलावात शाळेच्या मुलांना घेऊन निघालेली बोट उलटली. 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. मी आई आहे आणि शिक्षिकाही, तो दिवस मी विसरणार नाही. म्हणूनच माझी तक्रार नियम आहेत अशी नाही. नियम हवेतच. पण मला नदीकडे मुलं न्यायची आहेत, आणि नमुना मला विचारतो विम्याची तारीख! रस्ता कुठे ओलांडणार, किती मुलांमागे एक मोठं माणूस, नदीच्या बाजूला कोण उभं राहणार, कठड्यावर कुणी चढलं तर काय, जवळचा दवाखाना कोणता, हे एकाही रकान्यात नाही. ज्या प्रश्नांनी पायी चालणारं मूल सुरक्षित राहील ते कुणी विचारतच नव्हतं, आणि ज्याची गरज नाही त्यासाठी सगळं थांबलं होतं. मला संताप आला तो याचा.

अर्ज असा अडकलेला असतानाच जानेवारीत जागतिक हवामान संघटनेने जाहीर केलं की 2024 हे मोजणी सुरू झाल्यापासूनचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं, औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे 1.55 अंश सेल्सिअसने जास्त. मी ते फळ्यावर लिहिलं. मुलांनी विचारलं, “बाई, आपण नदीवर कधी जायचं?”

वाट सापडली ती दांडिया बाजारातल्या एका निवृत्त मुख्याध्यापक काकांमुळे. ते म्हणाले, “अगं, खिडकीवरच्या माणसाला रकाना सोडायचा अधिकारच नाही. त्याच्याशी वाद घालून काय उपयोग? ज्याला शेरा मारता येतो त्याच्यासमोर कागद ठेव. पण त्याला शेरा मारायला आधार दे.” त्या रात्री मी एक स्वतंत्र पुरवणी केली. हाताने काढलेला रस्त्याचा नकाशा, ओलांडायच्या जागा लाल पेनाने. दहा मुलांमागे एक मोठं माणूस, त्यांची नावं आणि मोबाइल. ‘पुलाच्या फुटपाथवरूनच निरीक्षण, काठावर कोणीही उतरणार नाही’ हे वाक्य अधोरेखित. निघायची आणि परतायची वेळ. प्रथमोपचाराची पेटी कोणाकडे असेल तेही. साहेबांनी ते उभ्याउभ्या वाचलं, नकाशावर बोट फिरवलं, एका वळणाबद्दल नेमका प्रश्न विचारला आणि समासात लिहिलं, ‘पायी भेट. वाहनाचा तपशील आवश्यक नाही.’ खाली सही, शिक्का. इतके आठवडे जे होत नव्हतं ते चहा निवायच्या आत झालं. जिना उतरताना मला हसूही येत होतं आणि डोळ्यांत पाणीही.

हो, एक राहिलंच. अर्ज देताना आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माझी फाइल टेबलं बदलत होती तेव्हा त्या एका आकड्यावरच ती दरवेळी सापडली.

आता मुळात ज्यासाठी हा खटाटोप, त्याबद्दल.

आधी वर्गात दोन गैरसमज काढावे लागतात. पहिला ओझोनच्या छिद्राचा. निम्मी मुलं सांगतात की छिद्रातून ऊन जास्त येतं म्हणून पृथ्वी तापते. ओझोनचा प्रश्न वेगळा, त्याची रसायनं वेगळी, त्यावर 1987 चा मॉन्ट्रियल करार झाला. तापमानवाढ होते ती मुख्यतः कोळसा, तेल, वायू जाळून हवेत वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडने, कारण तो जमिनीकडून परत जाणारी उष्णता अडवतो. 1856 मध्ये युनिस फूट नावाच्या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळ्या उन्हात ठेवून दाखवलं होतं की या वायूने भरलेली नळी जास्त तापते. मुलींना हे आवर्जून सांगा.

दुसरा गैरसमज बर्फाचा. स्टीलच्या ग्लासात पाणी, त्यात तरंगता बर्फ, पातळीला स्केचपेनची खूण. दुसऱ्या ग्लासात पाण्याबाहेर डोकं काढणारा दगड आणि त्यावर बर्फ. पहिल्यात बर्फ वितळून पातळी वाढत नाही, दुसऱ्यात वाढते. आर्क्टिक समुद्रावरचा बर्फ आणि ग्रीनलँडच्या जमिनीवरचा बर्फ यांतला फरक मुलांना तिथेच कळतो. पाणी तापलं की फुगतं, हा समुद्र वाढण्याचा दुसरा भाग मात्र तोंडाने सांगावा लागतो.

पुराबद्दल सांभाळून बोला. आमच्या आवाराच्या भिंतीवर पुराची मातकट रेघ अजून दिसते. मुलांनी टेपने तिची उंची मोजली, आणि एकाने तिच्याशी उभं राहून पाहिलं तर ती त्याच्या छातीला लागली. तेव्हा सगळ्यांचा एकच प्रश्न, हे तापमानवाढीने झालं का? खरं उत्तर असं की एका पुराचं सगळं खापर तिच्यावर फोडता येत नाही. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं, त्यामुळे कोसळणारा पाऊस जास्त जोराने कोसळू शकतो. पण नदीच्या पात्रात भराव घालणं आणि कोतरं, म्हणजे नदीकाठच्या घळी, बुजवणं ही माणसांनी इथे, याच गावात केलेली कामं आहेत. दोन्ही सांगितलं पाहिजे. मुलं अर्धवट उत्तर लगेच ओळखतात.

पुलावर गेलो त्या दिवशी ऊन छान होतं. तीन मगरी गाळावर पडल्या होत्या, एकीचा जबडा उघडा. मुलं कठड्यापासून हातभर लांब, मी आखलेल्या खडूच्या रेघेमागे. तिथे सांगितलं की मगर काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, आणि पिल्लू नर होणार की मादी हे त्या मातीच्या तापमानावर ठरतं. भारतातल्या मगरींवर झालेल्या प्रयोगांत 31 अंशांपर्यंत सगळ्या माद्याच निघाल्या आणि 32.5 अंशांना सगळे नर. मधे फक्त दीड अंश! मघाशी फळ्यावरच्या 1.55 ला ‘एवढंच?’ म्हणणारा मुलगा गप्प झाला, मग म्हणाला, “बाई, मग मगरीने अंडी सावलीत घालावीत ना.” त्याला सांगितलं, जागा तीच निवडते, पण सावलीसाठी काठावर झाडं लागतात. परत येताना सयाजीबागेत उन्हातल्या आणि झाडाखालच्या मातीत थर्मामीटर खुपसून दोन्ही आकडे वहीत लिहून घेतले. थर्मामीटर प्रयोगशाळेतलाच न्या. तापाचा 35 च्या खाली वाचतच नाही, आणि थंडीत तो निरुपयोगी.

मुलं घाबरून घरी जाऊ नयेत याचीही काळजी घेतली. 2010 च्या मे महिन्यातल्या जीवघेण्या उष्णतेनंतर अहमदाबादने 2013 मध्ये उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला, लोकांना आधी इशारा द्यायचा, पाणी आणि सावलीची सोय करायची, दवाखाने तयार ठेवायचे, असा. शेजारच्या गावाने केलंय म्हटल्यावर मुलांनी आमच्या शाळेचा आराखडा स्वतःहून लिहायला घेतला. मधल्या सुट्टीची जागा लिंबाखाली हलवावी ही त्यातली पहिली सूचना मुख्याध्यापिकाबाईंनी मान्यही केली.

पुढच्या वर्षीचा अर्ज मी पावसाळ्यातच दिला, साहेबांच्या शेऱ्याची झेरॉक्स आणि तीच पुरवणी जोडून. परवानगी विनासायास आली. नमुन्यात बसचे रकाने मात्र तसेच आहेत. पायी भेटीसाठी वेगळा नमुना करावा, असं पत्र आम्ही काही शाळांच्या शिक्षिकांनी मिळून लिहिलं आहे आणि पुरवणीची कोरी प्रत त्याला जोडली आहे. अजून उत्तर आलेलं नाही, पण आवक क्रमांक माझ्याकडे आहे.