कुंडीत पाणी कमी, हवा जास्त पाहिजे

गच्चीवरच्या बागेचे व्हिडिओ लावले की जो तो पाण्याबद्दलच सांगत बसतो, ड्रिप लावा, वर ग्रीन नेट बांधा, मातीवर पालापाचोळा घाला म्हणजे ओल टिकते. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर असेल, ती माणसं नागपूर-सोलापूरकडची, उन्हाशी भांडणारी. आमचं बेळगाव 750 मीटरच्या वर, चोर्ला घाट तासा-दीड तासावर, आणि मिरग लागल्यापासनं जी भुरभुर चालू होते ती तरणा पाऊस जाऊन म्हातारा आला तरी थांबत नाही, कपडे वाळत नाहीत तर माती कधी वाळणार. इथं कुंडीतली झाडं उन्हानं मरतात त्यापेक्षा बुडून जास्त मरतात, हे माझं ठाम मत आहे आणि यावर वाद घालायला मी कधीही तयार आहे.

मुळांनाही श्वास लागतो हो. मातीच्या कणांमध्ये बारीक बारीक जागा असतात, त्यातल्या काहींत पाणी आणि काहींत हवा अशी वाटणी पाहिजे. सगळ्याच जागा पाण्यानं भरल्या की मुळं गुदमरतात, कुजतात, मग त्यांना पाणी ओढता येत नाही आणि वरची पानं मान टाकतात. आणि मान टाकलेलं झाड बघितलं की घरातलं कुणीतरी तांब्या घेऊन येतंच. आमच्या आईचं ठरलेलं वाक्य, ‘एवढा पाऊस पडुलालाय तरी कसं सुकलंय बघ, घाल की गं पाणी.’ आधी बोट दोन पेरं मातीत खुपसायचं, ओलं लागलं तर तांब्या परत ठेवायचा. बास.

आता विटांच्या तुकड्यांचं. कुंडीच्या तळाला चार बोटं विटा, खडी, खापऱ्या घालायच्या म्हणजे पाण्याचा निचरा होतो असं सगळे सांगतात, नर्सरीवालेही. होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहजासहजी उतरत नाही, वरची माती पूर्ण भिजून तुडुंब झाली की मगच ते खाली टपकतं. म्हणजे जो ओलागच्च थर एरवी कुंडीच्या अगदी बुडाशी राहिला असता तो खडीमुळं चार बोटं वर येतो, मुळांच्या आणखी जवळ, वर चार बोटं माती कमी झाली ती वेगळीच. भोकातनं माती जाऊ नये म्हणून कौलाचा एक तुकडा आडवा ठेवला की काम भागतं.

खरा निचरा होतो तो मातीच्या मिश्रणानं. शहापूर-येळ्ळूरच्या बाजूची काळी माती भाताला सोन्यासारखी, येळ्ळूरचा बासमती काय उगाच नावाजलेला नाही, पण तीच माती कुंडीत भरली की पावसात लगदा आणि उन्हाळ्यात दगड. कुंडीला खानापूरकडची तांबडी माती बरी. मी दोन भाग तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक भाग भाताचं तूस घालते. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तोही चालतो पण ते पाणी धरून ठेवतं, पावसाळ्यात मला ते नकोच वाटतं. तूस राइस मिलमध्ये पोत्यानं मिळतं, लवकर कुजत नाही आणि माती मोकळी ठेवतं. फक्त त्यात राहिलेले भाताचे दाणे गुलाबाच्या कुंडीत उगवून येतात, बघणाऱ्याला वाटतं हिनं गच्चीवर रोप लावणी काढली काय.

कुंड्या मातीच्याच घ्या असं मी म्हणेन, निदान पावसाळ्यापुरत्या तरी, खानापूरला कुंभारकाम एवढं जुनं असताना आपण महागातलं प्लास्टिक का आणायचं. मातीच्या कुंडीच्या अंगातनंही ओल उडते. एप्रिलमध्ये मात्र हेच उलटं पडतं, आमच्याकडं नळाचं पाणी रोज येत नाही, तेव्हा माळवं रंगाच्या रिकाम्या डब्यांत आणि मासळीवाल्याकडच्या थर्माकोलच्या बॉक्समध्येच बरं. बॉक्स वीतभर खोल असला की मेथी, शेपू, कोथिंबिरीला पुरतो, वांगं-टोमॅटोला 15-20 लिटरचा डबा पाहिजे.

पावसाळ्यात भोक नसलेल्या बादलीतसुद्धा मजेत वाढणारं एक झाड आहे, अळू. त्याच्या देठात हवेच्या पोकळ्या असतात, त्यातनं हवा खाली मुळापर्यंत जाते, भाताचंही तसंच. त्यामुळं गळका नळ असेल तिथं किंवा पागोळ्या पडतात तिथं अळूची बादली ठेवून द्या, ऋषिपंचमीच्या भाजीला पानं घरची. टोमॅटोची घाई मात्र जूनमध्ये करू नका, झडीत करपा ठरलेला. गणपती गेल्यावर रोपं करायची, हस्ताचा पाऊस ओसरला की डब्यात लावायची, पुढं संक्रांतीपर्यंत इथली हवा एवढी छान असते की कोथिंबीरही लवकर तुऱ्यावर येत नाही.

फुलांत माझा जीव शेवंतीत. आणि तिच्याबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही, तिला काळोख लागतो. रात्र मोठी झाली की ती कळ्या धरते, म्हणून तर ती दसरा-दिवाळीच्या सुमाराला बहरते. आता गल्लीत नवे पांढरे एलईडी दिवे आलेत, रात्रभर गच्चीवर उजेड, त्या उजेडात ठेवलेली शेवंती नुसती पानंच वाढवत बसते आणि लोक खत बदलत राहतात. हे दिवस-रात्रीचं गणित 1920 मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड या दोघांनी मांडलं, तेही तंबाखूच्या झाडावरनं, निपाणीकडच्यांना हे ऐकून बरं वाटेल! उपाय साधा, कुंडी दिव्याच्या आडोशाला सरकवायची, जमत नसेल तर संध्याकाळी सहाला खोकं पालथं घालायचं आणि सकाळी सातला काढायचं, कळ्या चांगल्या रंगावर येईपर्यंत.

अबोलीला एवढे लाड लागत नाहीत, अर्धवट सावलीतही ती फुलते. तिची वाळलेली बोंडं पाणी लागलं की फट्कन फुटतात आणि बिया उडतात, म्हणून बी पाहिजे असेल तर वळीव यायच्या आत काढून कागदाच्या पुडीत ठेवा. नाहीतर शेजाऱ्यांच्या कुंडीत तुमची अबोली.

घरातल्या झाडांवर फार लिहिण्यासारखं नाही. आमच्या वडगावची घरं एकमेकांना चिकटलेली, सोप्यात दिवसाही लाइट लावावी लागते, तिथं स्नेक प्लांट आणि मनी प्लांट तगतात, पावसाळ्यात त्यांना पंधरवड्यातनं एकदा पाणी खूप झालं. हवा शुद्ध होते म्हणून घेऊ नका मात्र. ज्याच्यावरनं हे सगळीकडं पसरलं तो नासाचा 1989 चा प्रयोग बंद पेटीतला होता, आणि 2019 मध्ये जुन्या प्रयोगांचा पुन्हा हिशोब मांडला तेव्हा दिसलं की खिडकी-दारातनं जेवढी हवा बदलते तेवढं काम करायला चौरस मीटरला दहापासनं हजारपर्यंत झाडं लागतील. मग माणसांनी बसायचं कुठं? दिसायला छान दिसतात, तेवढं कारण पुरे की.

यंदा गौरी-गणपती झाले की ग्रो बॅगेत पावटा टोचणार आहे. शेतकरी तो पावसाच्या सुरुवातीला लावतात, पण गावठी पावटाही शेवंतीसारखाच रात्र मोठी व्हायची वाट बघणारा, उशिरा लावला की वेल आखूड राहतो आणि लगेच फुलावर येतो, गच्चीला तसाच पाहिजे. चढवायला डिश टीव्हीचा जुना खांब आहेच, घरात कुणी तो भंगारात घातला नाही म्हणजे झालं.